बाण काढणारा

माझ्या मामाला क्लबात कोणी नावाने हाक मारत नाही. समवयस्क त्याला ‘झाडू’ म्हणतात, धाकटे ‘झाडूमामा’. या नावात अपमान नाही. ते कामावरून पडलेले नाव आहे, आणि परवापरवापर्यंत मामा ते मिरवतही असे.

क्लबाची मोठी राइड वर्षातून एकदा निघते. तिचा निम्मा मार्ग डांबरी रस्त्याचा, निम्मा जंगलातल्या पायवाटांचा, ओढ्यांचा, बंद पडलेल्या दगडखाणींचा. म्हणून तिच्यात येणारी डर्ट बाइक दोन्हीकडे निभावणारी लागते: दगडांवर आपटली तरी चालत राहील अशी, आणि रस्त्यावर पोलिसाने हात केला तर नंबरप्लेट, दिवे, आरसे, हॉर्न सगळे जागच्या जागी दाखवता येईल अशी. वाट कळावी म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक फाट्यावर नारिंगी पुठ्ठ्याचा हातभर लांबीचा बाण ठोकतात. सर्वांच्या शेवटी एक गाडी येते. पडलेल्याला उचलायचे, बंद पडलेल्याला चालू करून द्यायचे, आणि आपल्या मागे आता कोणी उरलेले नाही याची खात्री झाली की बाण उपटत पुढे यायचे, हे तिचे काम. जंगलात कचरा राहू नये आणि उद्या एखादा भलताच माणूस त्या बाणांच्या नादी लागू नये, म्हणून. वाट झाडत येणारी ती गाडी मामाची.

क्लबाच्या जुन्या मंडळींची चरित्रे लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मामावरचे पान सर्वांत सोपे जाईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. लपवाछपवीने या हकिकतीत आधीच पुरेसे नुकसान केले आहे, म्हणून मुख्य गोष्ट मी इथेच सांगून टाकते. गेल्या वर्षीच्या राइडमध्ये मामाने एक बाण काढला, तेव्हा त्याच्या मागे एक बाई अजून ओढ्यात होती.

पोटापाण्यासाठी मामा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्या धंद्यात त्याचा एक रिवाज आहे. काम संपल्यावर वीज चालू करण्याआधी तो स्वतः तळाच्या खड्ड्यात उतरून पाहतो. वरून कोणी ‘सगळे बाहेर आहेत’ असे ओरडले तरी तो उतरतोच. त्याचे सहकारी त्याबद्दल त्याची टिंगल करतात. “हा स्वतःच्या लग्नातसुद्धा खड्डा तपासून मगच बोहल्यावर चढला असेल,” असे एकाने मला ऐकवले. मामीचे म्हणणे वेगळे: “तपासलं असतं तर चढले नसते.”

असा माणूस त्या दिवशी ओढ्यात उतरला नाही. राइडच्या आधीचे रविवार त्याने इतरांच्या गाड्या तयार करून देण्यात घालवले होते आणि स्वतःच्या गाडीकडे पाहायचे राहून गेले होते. मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे बोल्ट वाटेत सैल झाले, साखळी उड्या मारू लागली. अशा गाडीने ओढ्यातले दगड पार करणे म्हणजे चाक अडकून तोंडावर पडणे. तेव्हा तो डांबरी रस्त्याने वळसा घालून ओढ्याच्या पलीकडल्या फाट्यावर आला. तिथे दोन स्वार झाडाखाली पाणी पीत होते. त्यांना त्याने मागे कोणी आहे का विचारले. ते म्हणाले, आम्हीच शेवटचे. ते निघून गेल्यावर त्याने बाण काढला आणि पुढे गेला.

त्या दोघांनाही मी स्वतंत्रपणे गाठले. एकाला तो प्रश्न आठवतो. दुसरा ठामपणे म्हणतो की मामा जवळ आलाच नाही, लांबूनच ‘सगळं ठीक?’ असा अंगठा दाखवला आणि आम्हीही दाखवला. हा फरक मी मामापुढे ठेवला, कारण दुसरे खरे असेल तर त्याचा दोष वाढत होता आणि पहिले खरे असेल तर थोडा वाटला जात होता. त्याने दोन्ही बाजूंना हात लावला नाही. “विचारलं असेल, नसेल. मी उतरून बघितलं नाही, एवढं नक्की.”

ओढ्यात असलेल्या बाईला क्लबात बसताई म्हणतात. ती शाळेची बस चालवते. तिच्या चाकातली ट्यूब फुटली होती आणि गाडी कडेच्या सावलीत नेऊन ती एकटीच ठिगळ लावत बसली होती. काम आटोपून ती फाट्यावर आली, तर बाण नाही. सरळ जाणारी वाट जास्त मळलेली दिसली, तिने ती धरली. ती वाट जुन्या खाणीची होती. उतारावरच्या सुट्या खडीवर गाडी घसरली आणि तिचे डावे मनगट मोडले. उन्हे कलता कलता खाणीच्या राखणदाराला ती सापडली.

दुसऱ्या दिवशी मामा इस्पितळात गेला तो सगळे सांगायचे ठरवूनच, असे तो म्हणतो. याला दुसरा साक्षीदार नाही. पण पुढचे संभाषण दोघांनीही मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. तो खाटेजवळ बसायच्या आत तिनेच विचारले, “झाडूमामा, तिथे बाण होता ना हो?”

“होता,” मामा म्हणाला.

“बघा! मी डोळे फाडून बघितलं. मला दिसलाच नाही.”

खोली पाहुण्यांनी भरलेली होती. कोणीतरी हसले, कोणीतरी तिच्या चष्म्याचा विषय काढला, ती स्वतःही हसली. मामाने आणलेली फळे उशाशी ठेवली आणि तो उठला.

पुढे वर्षभर ती थट्टा क्लबात रुजत गेली. कोणाला डब्याचे झाकण सापडले नाही की ‘बसताई झाली वाटतं’. बसताई त्यात सर्वांच्या वरचा आवाज काढून सामील होत असे.

यंदा राइडच्या तयारीचे दिवस आले तेव्हा ती आपली डर्ट बाइक घेऊन मामाच्या इमारतीखालच्या गाडीतळात आली. तिथल्या एका कोपऱ्यात मामाचे रविवारचे काम चालते: भिंतीला टांगलेले पाने, एक जुने टेबल, आणि गाडी उभी करायला त्याने लिफ्टच्या भंगारातून बनवलेला ठोकळा. मी तिथेच बसून टिपणे काढत होते.

“घ्या मामा, तुमची पेशंट,” ती म्हणाली. “आणि ही दुसरी.” तिने डावा हात पुढे केला. मनगट एका मर्यादेपुढे वळत नव्हते. “क्लच ओढताना जीव जातो. काही होईल?”

“होईल. ठेव तिथे.”

“गाडीचं बोलताय की हाताचं?”

 मामा वाकून साखळी पाहू लागला. मामी चहा घेऊन खाली आली होती. तिने कप बसताईच्या हातात दिला आणि म्हणाली, “अगं, एवढं सगळं झाल्यावर पुन्हा कशाला जातेस? सुखाचा जीव दुःखात.”

“जायलाच हवं, मामी. मी स्वतःशी ठरवलंय. यंदा एकही बाण चुकला, तर शाळेत सांगून टाकणार की बस दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. मला मागे मुलांवर लक्ष ठेवायला बसवा.”

“काहीतरीच!”

“काहीतरीच कसं? हातभर नारिंगी बाण जिला उजेडात दिसत नाही, तिच्या भरवशावर कोणी पोरं का सोडावीत? वर्षभर मी प्रत्येक पाटी तीनतीनदा वाचते. वाचून झाली तरी वाटतं, आपण नीट वाचलं का?”

हे ती सहज, चहा फुंकत बोलली. मामाच्या हातातला पाना साखळीवरून निसटला आणि फरशीवर वाजला. त्या आवाजाचा अर्थ त्या वेळी मला कळला नव्हता. मी फक्त ‘पाना पडला’ असे लिहिले.

त्यानंतर तिची गाडी त्या ठोकळ्यावर जितके रविवार राहिली, तितके खरे तर लागत नाहीत. मामाने मागच्या चक्राचे बोल्ट काढले, त्यांच्या आट्यांवर ते सैल होऊ नयेत म्हणून घट्ट धरणारा निळा द्रव लावला, ते बसवले. पुढल्या रविवारी तेच बोल्ट पुन्हा काढले, पुन्हा लावले. इंजिनाखाली जाड पत्रा बसवला. हँडलच्या दोन्ही बाजूंना पंजे वाचवणारी कवचे लावली. क्लचचा दांडा नेहमीसारखा करकचून न आवळता त्याखाली गुळगुळीत पट्टी गुंडाळून असा बसवला, की गाडी पडली तर तो फिरेल, मोडणार नाही. आणि इंजिनाकडच्या टोकाला क्लचची तार ज्या छोट्या पट्टीला जोडलेली असते, तशीच पण थोडी लांब पट्टी त्याने स्वतः कानशीने घासून तयार केली, कारण पट्टी लांब असली की दांडा हलका ओढला जातो. ती बसवून झाल्यावर त्याने स्वतःचा डावा हात फडक्याने बांधून घेतला आणि बांधलेल्या हाताने क्लच ओढून पाहिला. मग पट्टी काढून आणखी थोडी लांब दुसरी केली.

“एवढी सेवा माझ्या आईची केली असतीत,” मामी म्हणाली, “तर बिचारी तुम्हाला जावई म्हणाली असती. ‘तो माणूस’ म्हणत गेली.”

मामाची स्वतःची गाडी शेजारी धूळ खात उभी होती. तिच्यावरचे कापडही त्याने काढले नव्हते.

इंडिकेटरवरून मात्र त्या दोघांचे वाजले. जंगलात जाणाऱ्या गाड्यांचे इंडिकेटर पहिल्या पडण्यात तुटतात. म्हणून बहुतेक जण ते काढून ठेवतात आणि राइडच्या सकाळच्या तपासणीपुरते चिकटपट्टीने लावतात. मामाने तसे सुचवले.

“नाही. ते राहू देत,” बसताई म्हणाली.

“अगं, जंगलात वळताना दाखवणार कोणाला? सशांना?”

“सशांनाही कळू दे, ताई कुठे चाललीय ते.”

मग त्याने रबराच्या वाकणाऱ्या दांड्या शोधून आणल्या आणि त्यांवर इंडिकेटर बसवले. नंबरप्लेटला मागून पत्र्याचा आधार दिला, आरसे घडी होणारे लावले, ब्रेकचा दिवा पुढच्या आणि मागच्या दोन्ही ब्रेकने पेटतो ना ते तपासले. तिच्या गाडीत आता दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते. तरी तो पाने पुसत बसे.

शेवटच्या आधीच्या रविवारी क्लबाचे चिटणीस आले. हे गृहस्थ हौशी आणि बोलघेवडे. त्यांनी टेबलावर बूड टेकले आणि घोषणा केली, “झाडू, यंदा सकाळच्या सूचना मी एकदम मजेशीर करणार आहे. पहिलीच सूचना: बाणाकडे नीट बघा, नाहीतर बसताई व्हाल!”

बसताई गाडी न्यायला आलेली होती. ती मोठ्याने हसली. “माझ्या नावाचे पैसे घेईन हं चिटणीस!”

“घे, घे. टी-शर्टवरही छापू म्हणतोय.”

“छापायचं नाही,” मामा म्हणाला.

“का रे बाबा? जिची थट्टा ती हसतेय.”

“म्हणून.”

चिटणीसांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले आणि ते निघून गेले. मामा बसताईला म्हणाला, “चल, क्लच बघून येऊ.” त्याने स्वतःच्या गाडीवरचे कापड ओढले. पुढे काय झाले ते मी पाहिलेले नाही. खालचा मजकूर मी दोघांकडून वेगवेगळ्या दिवशी ऐकून जुळवला आहे. जिथे जुळला नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

ती पुढे, तो मागे, नेहमीप्रमाणे. क्लच उत्तम चालत होता. गावाबाहेर जिथे शाळेकडचा रस्ता फुटतो, तिथे दिशा दाखवणारी मोठी पाटी आहे. बसताई त्या रस्त्याने वर्षानुवर्षे बस नेते. ती पाटीखाली थांबली. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवू लागला, तरी ती मान वर करून पाटी वाचतच राहिली. मामा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, तेव्हा तिने हेल्मेटची काच वर केली आणि विचारले, “डावीकडेच ना हो मामा? डावीकडेच लिहिलंय ना?”

तिने हे थट्टेने विचारले असावे अशी एक शंका मी घेतली होती. तिने ती लगेच खोडली. “नाही. मला खरंच विचारायचं होतं.”

मामाने टेम्पोला पुढे जाऊ दिले. दोघांनी गाड्या एका बंद टायरच्या दुकानापुढे घेतल्या. मामाने हेल्मेट काढले नाही. काढले असते तर बोलता आले नसते, असे तो म्हणतो.

“ताई, तिथे बाण नव्हता.”

“कुठे?”

“ओढ्याच्या वरच्या फाट्यावर. तू आलीस तेव्हा नव्हता. मी काढला होता.”

“पण तुम्ही तर माझ्या मागे होतात.”

“नव्हतो. माझी साखळी उडत होती. मी डांबराने आलो. वाटलं, सगळे गेले. ओढ्यात बघितलं नाही.”

ती बराच वेळ गप्प होती असे मामा म्हणतो. ती म्हणते, छे, मी लगेच बोलले.

“म्हणजे बाण नव्हताच?”

“नव्हता.”

“मला दिसला नाही असं नाही. नव्हताच.”

“नव्हताच, ताई.”

“पुन्हा सांगा.”

त्याने पुन्हा सांगितले. तिने हातमोजा काढला, घातला, पुन्हा काढला.

“मनगटाचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “हाड आहे, कोणाचंही मोडतं. पण मी वर्षभर बस थांबवून पोरं मोजतेय, मामा. उतरल्यावर मोजते, दार लावून पुन्हा मोजते. वळणावर आरशात बघते आणि वाटतं, आरशात जे दिसतंय ते आहे का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टरला दाखव. दाखवलं. डोळे चांगलेत म्हणाला. मग मला जास्तच भीती वाटली. डोळे चांगले असून दिसत नाही, म्हणजे डोकं गेलं. आणि तुम्ही माझ्या गाडीचे बोल्ट आवळत बसलात?”

मामा म्हणाला, “चुकलं माझं.”

“ते माझ्या कानात सांगून काय उपयोग? मी बावळट, हे अख्ख्या क्लबाला पाठ आहे. जितक्या तोंडी माझं नाव आहे, तितक्या कानांवर हे गेलं पाहिजे. आणि तोवर माझ्याशी बोलू नका.”

तिने गाडी सुरू केली. क्लच ओढताना तिचे लक्ष त्या हलक्या दांड्याकडे गेले असावे, कारण ती एक क्षण थांबली.  मग ती डावीकडे वळून गेली.

मामा घरी आला आणि पहिल्यांदा मामीला सांगितले.  तिने गॅस बंद केला आणि ती त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, “ती इथे चहा पीत होती तेव्हाही?”

“हो.”

“मग मी तिला समजावत होते, तेव्हाही तुम्ही पाना घासत होतात.”

“हो.”

राइडच्या सकाळी तपासणीच्या रांगेत बसताईची गाडी उभी राहिली. तपासणाऱ्याने हॉर्न वाजवला, दिवे लावले, इंडिकेटर हाताने वाकवून सोडले. ते डोलले आणि जागेवर आले. “वा! अशी गाडी असली की आम्हाला कामच नाही,” तो म्हणाला. तिने गाडी पुढे घेतली.

सूचनांच्या वेळी चिटणीस बाकावर चढले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मामा पुढे गेला. तो बाकावर चढला नाही; जमिनीवरूनच बोलला, त्यामुळे मागच्यांना ऐकू येईना आणि ‘मोठ्याने!’ असा ओरडा झाला. मग त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज जास्त मोठा आणि जास्त वाईट होता. गेल्या वर्षी त्या फाट्यावर बाण नव्हता. मी तो आधीच काढला होता. ताईने काही चुकवलं नाही. तिने विचारल्यावर मी खोटं सांगितलं, आणि वर्षभर तिची थट्टा ऐकत गप्प राहिलो.

कोणीतरी म्हणाले, “मामा, होतं कधीकधी माणसाकडून.”

“झालं माझ्याकडून,” मामा म्हणाला. “आणि यंदा झाडू दुसऱ्या कोणाला द्या.”

चिटणीसांचा कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. बसताई तिच्या गाडीवर बसलेली होती आणि समोर, कोणाच्याच चेहऱ्याकडे न बघता, आरसा नीट करत होती. गर्दीतल्या एकाने, ज्याने तिला सर्वांत जास्त चिडवले होते त्याने, तिच्याजवळ जाऊन काही म्हटले. तिने मान हलवली. माफ केले की ‘पुरे’ म्हणाली, ते मला लांबून कळले नाही.

मामाने क्लबाकडे एकच गोष्ट मागितली: त्या फाट्यावर मला उभं राहू द्या. बाण होताच, माणसाची गरज नव्हती. तरी तो गेला, आणि मीही त्याच्या मागे बसून गेले. त्याने घडीचे स्टूल आणले होते, पण तो बसला नाही. बाणाच्या खांबाशेजारी उभा राहिला. स्वार येत होते, वळत होते. काहींनी हात केला, काहींनी तो न दिसल्यासारखे केले. एकाने थांबून विचारले, “मामा, शिक्षा झाली वाटतं?” मामा म्हणाला, “हो.” तो स्वार पुढे गेला.

त्याला मी तिथेच विचारले, की सांगितलेस ते तिच्यासाठी की स्वतःसाठी. हा प्रश्न वाईट वेळी विचारला गेला हे मला मान्य आहे. त्याने ओढ्याकडे पाहत म्हटले, “ती आली नाही अजून.”

मग ओढ्यातून इंजिनाचा आवाज चढत आला. बसताई वर आली; बुटांपासून गुडघ्यांपर्यंत ओली, गाडीच्या कवचावर चिखल. फाट्याशी तिने वेग कमी केला.   तिने मामाकडे पाहिले नाही. बाणाकडे पाहिले, एकदाच. आणि त्या आडरानात, जिथे पुढे-मागे एकही गाडी नव्हती, तिचा डावा इंडिकेटर लुकलुकू लागला. ती वळली. पलीकडच्या झाडांत दिसेनाशी होईपर्यंत तो दिवा चालू होता.

मामा स्टुलावर बसला.

पुढे तिला भेटले तेव्हा मी विचारले, की तो इंडिकेटर मामासाठी होता का. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू प्रश्नच बावळटपणाचा आहे.

“वळताना इंडिकेटर लावतात,” ती म्हणाली.

तिची शाळेची बस अजून तिच्याचकडे आहे. ती मामाशी बोलते, पण कामापुरते. यंदाच्या राइडनंतर गाडी धुऊन तपासायला तिने ती दुसऱ्याच कारागिराकडे दिली. त्याने क्लचची ती लांब पट्टी पाहून विचारले, ही कोणी बनवली, बदलू का? ती म्हणाली, राहू दे.